चासी बदलल्यावर बग्गी एका अंगाला ओढते: लक्षणं, तपासणी आणि कुठे थांबायचं

कंपनीच्या प्लॅस्टिक टबात, म्हणजे मूळ चासीत (सांगाड्यात), होती तोवर रिमोटवर चालणारी ही छोटी गाडी नाकासमोर पळत होती. मग मोटर मागून मध्ये आणली, लांब बॅटरी काढून आखूड बसवली, सगळं सामान नव्या प्लेटवर मांडलं, आणि आता गॅस दिला की गाडी डावीकडच्या भिंतीवर जाऊन आदळते. स्वतः मांडणी केलेल्या बग्ग्यांमध्ये माझ्यासमोर सगळ्यात जास्त वेळा येणारा बिघाड हाच. बहुतेक जण आधी रिमोटवरचं ट्रिम, म्हणजे स्टिअरिंगचा मध्य सरकवणारं बटण, फिरवतात. गाडी सरळ झाल्यासारखी वाटते आणि खरा दोष आत तसाच राहतो.

खालचं सगळं १:१० मापाच्या, मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या बग्गीला धरून आहे. चारही चाकांना शाफ्टने जोर देणाऱ्या गाड्यांत एक वेगळी भानगड असते, ती शेवटाकडे सांगतो.

लक्षणं

नुसतं ‘ओढते’ म्हणून भागत नाही. कधी ओढते ते बघा, अर्धं निदान तिथेच होतं.

गॅस सोडल्यावर, नुसती घरंगळतानाही ओढत असेल तर चाक, टायर, बेअरिंग किंवा चाकांची दिशा यांत काहीतरी आहे. घरंगळताना सरळ आणि फुल गॅसवर तिरकी जात असेल तर चासीतला पीळ, वजनाची वाटणी किंवा मागचा ड्राइव्ह. ब्रेक मारल्यावर मागची बाजू नेहमी एकाच दिशेने फिरत असेल तरीही संशय पीळ आणि वजनावरच. सरळ नीट जाते, पण डावीकडे छोट्या गोलात आणि उजवीकडे मोठ्या गोलात वळते, तर स्टिअरिंगच्या दांड्यांचा कोन चुकलाय. उडीनंतर एका चाकावर उतरते, तर शॉक किंवा पीळ. आणि आज डावीकडे, उद्या उजवीकडे असा प्रकार असेल तर काहीतरी सैल आहे: सर्वो सेव्हर (स्टिअरिंग फिरवणाऱ्या छोट्या मोटरला, म्हणजे सर्वोला, दणक्यापासून वाचवणारा भाग), बॅटरीचा पट्टा, नाहीतर एखादा स्क्रू. सैल भाग असताना बाकी काही मोजण्यात अर्थ नाही, तो आधी आवळा.

आधी जमीन तपासा (खर्च शून्य)

मुंबईत सपाट जमीन मिळणं कठीण. सोसायटीच्या पार्किंगला गटाराच्या जाळीकडे उतार असतो, गच्चीला पावसाच्या पाइपाकडे असतो, आणि तो मुद्दाम दिलेला असतो. पेव्हर ब्लॉकवर तर विचारूच नका. शिवाजी पार्कात जागा आहे, पण सुटीच्या दिवशी तिथे गाडीपेक्षा क्रिकेटचे चेंडूच जास्त सांभाळावे लागतात.

म्हणून एकाच रेषेवर गाडी दोन्ही टोकांकडून पळवा. दोन्ही वेळा एकाच जागेकडे, समजा लिफ्टच्या बाजूला, गेली तर दोष जमिनीचा. दोन्ही वेळा तिच्या स्वतःच्या डाव्या हाताला गेली तर दोष गाडीचा. हे केल्याशिवाय स्क्रू-ड्रायव्हर उचलू नका. चांगली गाडी खोलून बिघडवलेली मी पाहिली आहे, केवळ गच्चीच्या उतारापायी.

रिमोट आणि सर्वो

ट्रिम शून्यावर आणा, सब-ट्रिम (रिमोटच्या सेटिंगमधलं बारीक ट्रिम) असेल तर तेही. सर्वोवरची दांडी काढा, आधी रिमोट आणि मग गाडी चालू करा, सर्वो मध्यावर येऊ द्या आणि मग दांडी शक्य तितकी काटकोनात बसवा. सर्वोच्या शाफ्टला बहुतेक वेळा २५ दाते असतात, म्हणजे एक दात सरकला की दांडी १४.४ अंश फिरते. तेवढ्या फरकात दांडी कधीच तंतोतंत काटकोनात येत नाही; उरलेलं सब-ट्रिमने भरून काढा. त्याचं काम तेवढंच. सब-ट्रिम पार टोकाला गेलं असेल तर दांडी चुकीच्या दातावर आहे, दुसरं काही नाही.

हार्डवेअरमध्ये मात्र इथे एक गोष्ट बघावी लागते. नव्या मांडणीत सर्वो उभा होता तो आडवा होतो, किंवा दोन सेंटिमीटर मागे जातो. मग सर्वोपासून स्टिअरिंगच्या कोपऱ्यापर्यंत जाणारी सळई मध्यावर असताना दांडीशी काटकोन करत नाही. याने सरळ जाताना ओढत नाही, पण दोन्ही बाजूंची वळणं असमान होतात. रिमोटमधून दोन्ही बाजूंची मर्यादा वेगळी ठेवून थोडं झाकता येतं. तरी दांडीची लांबी आणि सर्वोची जागा हाच त्यावरचा खरा उपाय.

वायर कुठे टेकतायत?

हे हास्यास्पद वाटेल, पण नव्या चासीवर फारच वेळा निघतं. कंपनीच्या टबात वायरींसाठी खाचा असतात, तुमच्या प्लेटवर नसतात. मोटरची जाड सिलिकॉन वायर मागच्या आर्मवर (चाक धरून वर-खाली हलणाऱ्या दांडीवर) टेकून एका बाजूचं सस्पेन्शन थोपवून धरते. बॅटरीची वायर स्टिअरिंगच्या सळईला अडते. रिसीव्हरची अँटेना सर्वो दांडीत अडकते. बॉडीचा कडेचा भाग टायरला घासतो.

गाडी हातात धरा, एकेक चाक वर-खाली दाबा, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे-उजवीकडे फिरवा आणि काय हलतंय, काय अडतंय ते नुसतं बघत राहा. झिप टायने वायर बांधा. फुकटात दुरुस्ती.

अदलाबदल करून बघा

कुठल्याही भागावर संशय असेल तर तो डावीकडचा उजवीकडे लावा. दोष बरोबर सरकला तर तोच भाग. दोष जागच्या जागी राहिला तर तो भाग निर्दोष. व्हर्निअर नसलेल्या माणसालाही ही चाचणी करता येते, आणि मी स्वतः मोजमापाआधी हीच करतो. टायर, शॉक, स्प्रिंग, चाकाचा हब, सगळ्याला चालते. टायरच्या नक्षीला दिशा असेल तर तेवढं ध्यानात ठेवा, उलटा लावलेला टायर वेगळीच पकड देतो.

टायर बदलताना रिमशी चिकटवलेली कड सुटली आहे का ते अंगठ्याने दाबून पाहा. सुटलेला टायर वेगात फुगतो, त्याचा व्यास वाढतो आणि गाडी विरुद्ध अंगाला जाते. हळू चालवताना यातलं काहीच दिसत नाही.

बेअरिंग, आणि नागदेवीचा एक सापळा

चाकं जमिनीवरून उचलून पुढचं एकेक चाक बोटाने फिरवा. दोन्ही सारखी, आवाज न करता फिरली पाहिजेत. एक लवकर थांबलं तर आधी चाकाचा नट अर्धा फेरा सैल करून पुन्हा फिरवा. सुटलं तर नट जास्त आवळला होता, किंवा आत चुकीचं बेअरिंग आहे.

बऱ्याच बग्ग्यांमध्ये ५ × ११ × ४ मिमीचं बेअरिंग लागतं. नागदेवी स्ट्रीटला जाऊन ‘पाच अकरा द्या’ म्हटलं की दुकानदार बहुतेक वेळा ६८५ काढून देतो, कारण ते सर्रास चालतं. त्याचं भोक आणि बाहेरचा व्यास बरोबर असतो, पण पत्रा लावलेल्या ६८५ची जाडी ५ मिमी असते. ते हबमध्ये बसतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. मग हेक्स (चाक ज्यावर बसतं तो षटकोनी तुकडा) एक मिमी बाहेर येतो, नट आवळला की बेअरिंग कुशीतून दाबलं जातं, आणि तेवढं एकच चाक जड फिरतं. तुम्हाला हवं ते एमआर११५. नंबर सांगून मागा आणि दुकानातच व्हर्निअरने जाडी बघा. ५ × १० × ४ हवं असेल तर एमआर१०५, आणि १० × १५ × ४ हवं असेल तर ६७००.

जुहूला किंवा अक्सा बीचवर चालवणाऱ्यांसाठी: रेतीपेक्षा मीठ जास्त नुकसान करतं. गोड्या पाण्याने पुसून, सुकवून, तेलाचा थेंब दिला नाही तर आठवडाभरात बेअरिंग करकरायला लागतं. आणि सगळी एकदम खराब होत नाहीत. जे आधी जाम होतं त्या बाजूला गाडी ओढते.

आर्म आणि शॉक

शॉक खालून सोडा. प्रत्येक आर्म वर उचलून सोडला की स्वतःच्या वजनाने धप्पकन खाली पडला पाहिजे. अडकत उतरणारा आर्म म्हणजे वाकलेली पिन, नाहीतर पिनवर साचलेली माती. पिन काढून काचेवर लोळवा, वाकडी असेल तर लगेच कळतं. पिन सरळ ठोकत बसू नका, नवी घाला. आर्मचं भोक घट्ट असेल तर योग्य मापाच्या रीमरने हाताने एक फेरा पुरतो. ड्रिल मशीन लावलंत तर भोक सैल होईल आणि नवा आजार सुरू होईल.

मग चारही शॉक गाडीबाहेर काढून पुढची जोडी शेजारी-शेजारी आणि मागची जोडी शेजारी-शेजारी ठेवा. पूर्ण ताणलेल्या अवस्थेत आयलेटपासून आयलेटपर्यंत (दोन टोकांच्या भोकांमधली) लांबी सारखी हवी. अर्धा मिमीचा फरक चालून जातो, एक मिमीचा नाही. स्प्रिंगखालचे क्लिप किंवा कॉलर दोन्हीकडे सारखे. शॉक हळू दाबून सोडा: एक झटकन परत येतो आणि दुसरा सावकाश, तर एकात तेल कमी आहे किंवा आत हवा अडकली आहे.

वजन

इथून पुढे नव्या मांडणीचे खरे प्रश्न सुरू होतात. कंपनीच्या गाडीत डावी-उजवी वाटणी ठरलेली असते, तुमच्या गाडीत ती तुम्ही ठरवलेली असते. दोन सेलची लांब लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) साधारण अडीचशे ते तीनशे ग्रॅमची, ५४०ची मोटर पावणेदोनशेच्या आसपास, सर्वो पन्नास-साठ ग्रॅम. अख्खी गाडी दीड किलोच्या आतबाहेर. बॅटरी मधल्या रेषेपासून एक सेंटिमीटर जरी सरकली तरी दीड किलोच्या गाडीला ते जाणवतं.

साधी चाचणी: प्लेटच्या मधल्या रेषेवर, पुढे आणि मागे, दोन छोट्या खुणा करा. दोन स्क्रू-ड्रायव्हर टोक वर करून पकडीत धरा आणि गाडी त्या दोन खुणांवर तोलून पाहा, बॅटरी आणि बॉडीसकट. ज्या बाजूला कलते ती जड. उपाय शक्यतो सामान सरकवून करा: ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) आणि रिसीव्हर हलक्या बाजूला न्या. तेवढ्याने नाही भागलं तर मोटारगाड्यांच्या व्हील बॅलन्सिंगच्या दुकानात पाच-पाच ग्रॅमच्या चिकटणाऱ्या वजनाच्या पट्ट्या मिळतात, त्या स्पिरिटने पुसलेल्या जागी लावा. फक्त मोटर आणि बॅटरीची अंतिम जागा ठरायच्या आधी पट्ट्या लावू नका.

पीळ आहे की वजन? एक चाचणी

गाडी पूर्ण तयार, सपाट जागेवर, अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू न देणारी, डावं-उजवं सस्पेन्शन जोडणारी सळई) असेल तर सोडवून. दोन-तीनदा वरून दाबून सस्पेन्शन बसू द्या. आता स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पुढच्या बाजूला बरोबर मध्यरेषेखाली लावून अगदी सावकाश उचला. पुढचं कुठलं चाक आधी सुटतं ते बघा. तेच मागे करा.

पुढे उजवं आणि मागेही उजवंच आधी सुटलं, तर वजन डावीकडे जास्त आहे. वरच्या परिच्छेदात परत जा. पुढे उजवं आणि मागे डावं सुटलं, तर गाडीत पीळ आहे. अशा गाडीत उजवं मागचं आणि डावं पुढचं चाक जास्त भार वाहतं. गॅसवर जास्त भाराचं मागचं चाक जोरात ढकलतं आणि नाक दुसऱ्या अंगाला जातं. डिफमध्ये (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरमध्ये) जाड तेल असेल तर हे अधिकच ठळक दिसतं.

हा पीळ स्प्रिंगमधलाही असू शकतो, म्हणून मागचे शॉक डावे-उजवे बदलून परत करा. निकाल उलटला तर शॉक. तसाच राहिला तर प्लेट.

प्लेट काचेवर

यासाठी जाड काच हवी. फ्रेमवाल्याकडे किंवा काचवाल्याकडे दहा-बारा मिमीचा उरलेला तुकडा स्वस्तात मिळतो. नाहीतर स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा. ओट्याला सिंककडे उतार असला तरी बिघडत नाही, पृष्ठभाग सपाट असला की झालं. फक्त घरातल्यांची परवानगी काढा आणि खाली कागद घाला.

चाकं, आर्म, शॉक उतरवा. प्लेट काचेवर ठेवून चार कोपऱ्यांवर एकेक बोट टेकवा. टकटक हलली तर पीळ आहे. आता लगेच प्लेट वाकवायला जाऊ नका. प्लेटवर जे जे दोन ठिकाणी जोडलेलं आहे ते क्रमाने सैल करा: आधी टॉप डेक (वरची छोटी प्लेट), मग सर्वोचा माउंट, मग मोटरचा माउंट, शेवटी गिअरबॉक्स. प्रत्येक स्क्रू पाव फेराच सोडा आणि परत टकटक करून पाहा.

डोंबिवलीचा एक मुलगा ग्लास-इपॉक्सीच्या प्लेटवर केलेली अशीच एक गाडी घेऊन आला होता. टॉप डेकचे सगळे स्क्रू सोडले, काही फरक नाही. गिअरबॉक्सकडे वळणार, तेवढ्यात सर्वो माउंटचा डावा पुढचा स्क्रू पाव फेरा सोडला आणि प्लेटने ‘टक्’ असा आवाज करून चारही कोपरे काचेला टेकवले. त्या भोकाचा काउंटरसिंक (डोकं बसायचा उतरता खळगा) स्क्रूच्या डोक्याखाली एका बाजूला खरवडला गेला होता. स्क्रू आवळला की डोकं उताराने घसरत माउंटला बाजूला खेचायचं आणि माउंट प्लेटला पिळायचं. तो बिचारा पुढच्या शॉकचे क्लिप बदलत बसला होता.

तेव्हा काउंटरसिंक नीट बघा. एम३च्या चपट्या डोक्याच्या स्क्रूला ९० अंशांचा काउंटरसिंक लागतो. साध्या ड्रिल बिटाचं टोक ११८ अंशांचं असतं. त्याने खळगा केला तर डोकं कडेवर टेकतं आणि आवळताना मनाला येईल तिकडे सरकतं. एम३ आरपार जायला ३.२ मिमीचं भोक, आटे पाडायचे असतील तर २.५चं. भोक काढताना मध्यबिंदूला पंच मारला नसेल तर बिट घसरतो, आणि मग स्क्रू बसवायला माउंट ओढून आणावा लागतो. ओढून आणलेला माउंट म्हणजे पीळ.

जुळवताना सगळे स्क्रू आधी बोटाने बसवा, प्लेट काचेवर दाबून धरा आणि तिरकस क्रमाने थोडे-थोडे आवळा. एक कोपरा पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे जाणं, यानेच निम्मे पीळ तयार होतात.

प्लेट कशाची आहे?

ग्लास-इपॉक्सी, म्हणजे सर्किट बोर्डाचं मटेरियल, अडीच-तीन मिमी जाड असेल तर उत्तम. वाकतं, पण परत येतं. कार्बन फायबर त्याहून ताठ, मात्र त्यातून वीज वाहते. बॅटरीची वायर कडेला घासून उघडी पडली तर शॉर्ट होणार, म्हणून कडांवर सॅंडपेपर मारून पातळ सुपरग्लूचा लेप द्या.

लोहार चाळीत हायलम शीट स्वस्त मिळते म्हणून लोक ती वापरतात. कागदी थरांची असल्याने ती ओलावा पिते. मे महिन्यात सपाट असलेली प्लेट ऑगस्टमध्ये सपाट असेलच असं नाही. नमुना करून बघायला ठीक, चालवायला नको.

अॅल्युमिनियम घ्यायचं तर गुलालवाडी-कीका स्ट्रीटच्या बाजूला ग्रेड विचारून घ्या. १९००० ग्रेडचा मऊ पत्रा एका उडीत वाकतो आणि वाकलेलाच राहतो. एचई-३०, ज्याला ६४४३० म्हणतात, तो उष्णताप्रक्रिया केलेला असेल तर टिकतो. १९८४ साली आलेल्या आरसी१० बग्गीचा टब अॅल्युमिनियमचाच होता, पण त्याच्या कडा वर वळवलेल्या होत्या. ताठपणा त्या कडांतून येतो. सपाट कापलेल्या पत्र्याकडून ती अपेक्षा ठेवू नका.

थ्री-डी प्रिंट केलेल्या चासीचं काय? पीएलए, म्हणजे प्रिंटरमध्ये सर्रास वापरलं जाणारं प्लॅस्टिक, साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. फुल गॅसवर पळालेली मोटर सहज त्याहून तापते, आणि मेमध्ये उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीच्या डिकीतही प्लेटचं भलं होत नाही. मोटर माउंटजवळचा भाग हळूहळू सरकतो, स्क्रू आवळलेले असूनही सैल होतात, आणि ओढ दर आठवड्याला थोडी वाढते. असं वाढत जाणारं लक्षण दिसलं की पुढचं काही तपासू नका, मोटर माउंट अॅल्युमिनियमचा करा आणि बाकी प्लेट पीईटीजी किंवा एबीएस या जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये छापा.

माप

व्हर्निअर किंवा स्टीलची पट्टी घ्या. डावीकडे पुढच्या एक्सलच्या मध्यापासून मागच्या एक्सलच्या मध्यापर्यंत मोजा, मग उजवीकडे. नंतर दोन्ही कर्ण. अर्ध्या मिमीपर्यंतचा फरक सोडून द्या. एक मिमीच्या वर गेला तर प्लेटची भोकं चुकली आहेत आणि कुठलंही ट्रिम, स्प्रिंग, वजन ते दुरुस्त करणार नाही.

वरच्या आणि स्टिअरिंगच्या सळया डाव्या-उजव्या सारख्या लांबीच्या आहेत का तेही बघा. मागच्या चाकांना आतल्या बाजूला तोंड असतं, टू-व्हील ड्राइव्ह बग्गीत ते बहुधा ३ अंशांच्या जवळ. गिअरबॉक्स फिरवून बसवताना हा कोन देणारे ब्लॉक उलटसुलट लागतात आणि एक चाक ३ अंश, दुसरं सरळ असा प्रकार होतो. मागून डोळ्यांनी पाहिलं तरी दिसतं.

ड्राइव्ह

स्पर गिअर (मोटरच्या छोट्या गिअरला लागणारा मोठा गिअर) बोटाने धरा आणि मागचं एक चाक फिरवा. दुसरं तेवढ्याच वेगाने उलटं फिरलं पाहिजे, दोन्ही दिशांना सारख्याच जोराने. खरखर लागली तर डिफ खोलायची वेळ झाली.

मग डॉगबोन, म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जोर नेणारी दांडी. मोटर मध्ये आणताना गिअरबॉक्स एक-दोन मिमी डाव्या अंगाला बसला तर डाव्या बाजूचा डॉगबोन दाबला जातो आणि उजवीकडचा सैल राहतो. आर्म पूर्ण वरपासून पूर्ण खालपर्यंत नेताना दोन्ही डॉगबोन बोटाने आत-बाहेर हलवा. दोन्हीकडे थोडी मोकळीक हवी. ज्या बाजूला मोकळीक संपते तिथे सस्पेन्शन आणि चाक दोन्ही अडतात.

जाता जाता: गिअरबॉक्स पुढचा मागे असा १८० अंशांत फिरवला की गाडी उलटी पळते, ते दुरुस्त करावंच लागतं. ब्रश मोटरला दोन वायर बदला. सेन्सर नसलेल्या ब्रशलेसला तीनपैकी कुठल्याही दोन. सेन्सरवाल्या मोटरच्या वायर अजिबात बदलू नका, ईएससीच्या सेटिंगमधून दिशा बदला.

आणि आता ती चार चाकांची भानगड. ज्या गाडीत मोटर शाफ्टला समांतर, लांबीच्या दिशेने बसते, तिथे गॅस देताच मोटर चासीलाच उलट्या दिशेने पिळते आणि एका बाजूची चाकं हलकी होतात. आडव्या मोटरच्या गाडीत हे होत नाही, तिथे नाकच उचललं जातं. थोडी ओढ या मांडणीचा स्वभाव आहे. रिमोटमध्ये गॅसचा पहिला झटका मऊ करा, वजन नीट वाटा आणि उरलेलं बोटाने सांभाळा.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

बॅटरी फुगली असेल, दणक्याने खड्डा पडला असेल किंवा नव्या पट्ट्याखाली दाबली गेली असेल, तर ती चार्ज करू नका, टोचू नका, चेपून प्लेटमध्ये बसवू नका. घरातल्या कचऱ्यातही टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्या केंद्राला फोन करून आधी सांगा की फुगलेली लायपो आहे.

बॅटरीच्या जाड वायरींना कनेक्टर डाखण्याचा सराव नसेल तर ते लॅमिंग्टन रोडवर किंवा ओळखीच्या रिपेअरवाल्याकडून करून घ्या. दोन उघडी टोकं एकमेकांना टेकली की क्षणात ठिणगी उडते.

कार्बन किंवा ग्लास-इपॉक्सी घरात कापू नका. ती धूळ फुफ्फुसाला वाईट, आणि चाळीतल्या खोलीत ती कुठेच जात नाही. एखादं भोक काढायचंच असेल तर मास्क, पाण्याचे थेंब आणि गॅलरी. आख्खी प्लेट कापायची तर कारखाना.

वाकलेला अॅल्युमिनियम पत्रा ठोकून सरळ करू नका. आणि कर्णांत एक मिमीच्या वर फरक निघाला असेल तर वॉशर लावून जुगाड करत बसण्यापेक्षा नवी प्लेट स्वस्त पडते.

साकीनाका, अंधेरी एमआयडीसी, वसई या भागांत सीएनसी राउटरवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या कापणी यंत्रावर) शीट कापून देणारे बरेच आहेत. जाताना फोनवरचा फोटो नेऊ नका, डीएक्सएफ फाइल (यंत्राला वाचता येणारं मापाचं ड्रॉइंग) न्या. त्यात मधली रेषा काढलेली असू द्या, सगळी भोकं त्या रेषेपासून मोजलेली असू द्या, काउंटरसिंक कुठल्या बाजूने आणि ९० अंशांचे हे लिहिलेलं असू द्या. एवढ्या छोट्या कामाला काही कारखाने नाही म्हणतात. मग दोघा-तिघांच्या प्लेट एकत्र करून जा, किंवा त्यांच्याकडे पडलेल्या तुकड्यातून कापून मागा. पहिली प्लेट एकच कापून घ्या. घरी आणून काचेवर ठेवा, कर्ण मोजा, गिअरबॉक्स आणि सर्वो माउंट बोटाने बसतात का बघा. स्क्रू ओढूनताणून लावावा लागला नाही, तरच सुट्या प्लेटची ऑर्डर द्या.